साइडवाइंडरचे आकडे कसे वाचावेत

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, त्या संध्याकाळी माझा भाचा वही घेऊन घरी आला. एनडीएची लेखी परीक्षा पास झाला होता, एसएसबीची, म्हणजे सैन्यदलाच्या निवड मुलाखतींची, तयारी चालली होती. वहीत त्याने क्षेपणास्त्रांचा तक्ता केला होता. नाव, देश, वर्ष, पल्ला आणि शेवटी ‘अचूकता’. साइडवाइंडर म्हणजे विमानातून विमानावर सोडायचं, उष्णतेचा माग काढणारं क्षेपणास्त्र. अमेरिकेच्या पहिल्या साइडवाइंडरपुढे, म्हणजे एआयएम-९बी पुढे, एका ठिकाणचं वाचून त्याने ६५ टक्के लिहिलं होतं. मग दुसरीकडे काही वेगळंच वाचलं आणि त्याखाली १५ टक्के लिहिलं. दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह.

“मावशी, यातलं खरं कुठलं?”

मी म्हटलं, “दोन्ही खरी. तुझा रकाना चुकलाय.”

माझं लहानपण नाशिकजवळच्या ओझरच्या वसाहतीत गेलं. मिग तिथेच बनायची, वडील फिटर होते. पण मी विमानांवर कधी काम केलं नाही. नाशिकला एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये एकतीस वर्षं काढली. आमचा माल साधा, शेतीपंपाच्या स्टार्टरमधले ओव्हरलोड रिले. टेस्टिंगमध्ये पास झालेला माल बाहेर गेल्यावर वेगळा का वागतो, हा प्रश्न मी आयुष्यभर हाताळला. म्हणून या क्षेपणास्त्रांचे आकडे वाचायची माझी एक रीत बसली आहे. भाच्याला ती समजावता समजावता वाटलं की लिहूनच काढावी. अशा तक्त्यांवर पोरं तावातावाने भांडतात आणि दोन्ही बाजूंच्या हातात अर्धाच आकडा असतो.

आधी टेस्ट कोणती होती ते लिहा

आकडा वाचलात की त्याच्या शेजारी एक ओळ लिहायची सवय लावा: हा आकडा काढताना नेमका काय प्रश्न विचारला होता?

माझा अनुभव सांगते. एका वर्षी आमच्या रिलेची एक बॅच बेंचवर शंभर टक्के पास झाली. कॅलिब्रेशन चोख, कागदपत्रं चोख. एप्रिलमध्ये खानदेशातून तक्रारी यायला लागल्या की दुपारी बारानंतर स्टार्टर ट्रिप होतो, संध्याकाळी आपोआप नीट चालतो. मी स्वतः गेले. पत्र्याची शेड, पश्चिमेच्या भिंतीवर लोखंडी पेटी, पेटीला हात लावला तर चटका बसत होता. रिलेच्या आतली दोन धातूंची पट्टी मोटरच्या करंटने तापून वाकते आणि सर्किट तोडते. इथे ती पेटीतल्या उन्हाच्या धगीनेच अर्धी वाकलेली असायची. आमची टेस्टिंग रूम २७ अंशांवर होती. कुणी लबाडी केली नव्हती. ‘२७ अंशांत हा रिले बरोबर करंटला तुटतो का?’ हा प्रश्न आम्ही विचारला होता आणि त्याचं उत्तर बरोबर होतं. शेतकऱ्याचा प्रश्न निराळा होता.

आता साइडवाइंडर बघा. अमेरिकन नौदलाच्या चायना लेक इथल्या केंद्रात विल्यम मॅकलीन यांच्या टोळीने हे अस्त्र घडवलं. कॅलिफोर्नियातलं मोहावी वाळवंट, कोरडी हवा, निरभ्र आभाळ. ११ सप्टेंबर १९५३ ला त्याने पहिल्यांदा एका मानवरहित हेलकॅट विमानाला नीट गाठलं, आणि १९५६ मध्ये ते सेवेत आलं. रचनेचं कौतुक करावं तितकं थोडं. वजन सत्तर किलोंच्या आसपास, व्यास १२७ मिलिमीटर, आत मोजक्याच व्हॅक्यूम ट्यूब. मागच्या पंखांच्या टोकाला दातेरी चकत्या बसवल्या होत्या. वाऱ्याने त्या भिंगरीसारख्या फिरायच्या आणि अस्त्राला स्वतःभोवती गरगरू द्यायच्या नाहीत. ना बॅटरी, ना मोटर, वाऱ्यावरच काम. ओझरला आमच्या शेजारी इंजिनांचे इन्स्पेक्टर राहायचे, ते अशा कामाला ‘डोक्याने केलेलं काम’ म्हणायचे.

पण लक्ष्य कोणतं धरलं होतं? त्या काळी भीती होती ती अणुबॉम्ब घेऊन उंचावरून येणाऱ्या बाँबफेकी विमानांची. ती जड, सरळ रेषेत जाणारी, गर्रकन वळू न शकणारी. चाचणीतली लक्ष्यंही तशीच सरळ आणि एका उंचीवर उडायची. अस्त्र नवं कोरं, तपासणारे हात ते घडवणाऱ्यांचेच, वैमानिक मुरलेले. व्हिएतनामच्या आधी साइडवाइंडरबद्दल जो ६५ टक्क्यांचा अंदाज धरला गेला, तो या असल्या हवेतला. आमच्या २७ अंशांच्या खोलीसारखा.

तेव्हा वहीत ६५ पुढे लिहा: ‘सरळ जाणारं लक्ष्य, मागून मारा, उंचावर, स्वच्छ हवा, ताजं अस्त्र.’ एवढं लिहिलंत तरी निम्मं काम झालं.

डोळ्याला काय दिसतं ते समजून घ्या

हे पाठ करून कळत नाही, म्हणून मी भाच्याला सोसायटीतल्या बोळात नेलं. पत्र्याच्या शेडखाली अंधारा बोळ आहे, तिथे माणूस आला की आपोआप लागणारा दिवा आहे. दिव्याच्या सेन्सरला माणूस कळतो तो मागच्या भिंतीपेक्षा अंगाची उष्णता वेगळी असते म्हणून. मे महिन्यात दुपारी अडीचला मी नेमानं बघितलेलं आहे: भिंत ३७ अंश, माणसाचा शर्टही जवळजवळ तितकाच. दिवा लागतच नाही. अगदी खाली जाऊन हात हलवावा लागतो. रात्री भिंत निवली की गेटमधून पाऊल टाकताच लख्ख. तोच दिवा, तोच सेन्सर. ज्यांच्याकडे मोटरचं बेअरिंग बघायचं बंदुकीसारखं थर्मामीटर आहे, त्यांनी हा प्रयोग उन्हाळ्यात जरूर करावा.

पहिल्या साइडवाइंडरचा डोळा, म्हणजे उष्णता टिपणारा सेन्सर, लेड सल्फाइडचा होता आणि त्याला थंड करायची सोय नव्हती. असा डोळा खूप तापलेली वस्तूच बघू शकतो. जेट विमानात तशी एकच जागा, इंजिनाच्या मागच्या नळीचा लालबुंद धातू. म्हणून मारा फक्त मागून, एका अरुंद शंकूत बसून. समोरून किंवा बाजूने तो धातू दिसतच नाही.

आणि आकाशात तापलेलं एवढंच नसतं. सूर्य आहे. उन्हात चमकणाऱ्या ढगाची कड आहे. लक्ष्य खाली जमिनीलगत असेल तर तापलेली जमीन आहे. डोळ्याला यातलं ‘शत्रू’ काय ते कळत नाही, जास्त चमकेल तिकडे तो वळतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे, तिच्यावर थांबा. अस्त्राच्या डोळ्याला उष्णता दिसली की वैमानिकाच्या कानात गुरगुर ऐकू यायची. जितकी स्पष्ट उष्णता, तितकी जोरात गुरगुर. नवख्या वैमानिकाला वाटायचं, गुरगुर आली म्हणजे सोडायला हरकत नाही. पण गुरगुरीचा अर्थ एवढाच, की मला काहीतरी गरम दिसतंय. मी तिथवर पोचेन का, मला तितकं वळता येईल का, हे ती सांगत नाही. आमच्या बेंचवरही हिरवा दिवा असायचा. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी विचारायचे, हा दिवा कशाचा? “पास झाल्याचा” असं म्हणणाऱ्याला परत विचारायचे. तो सर्किट पूर्ण झाल्याचा होता.

प्रत्येक माऱ्यासाठी चार गोष्टी मांडा

उंची, कोन, वळण, अंतर. एखाद्या लढाईची हकिकत वाचताना या चार गोष्टी समासात लिहीत जा. एआयएम-९बी ची चौकट साधारण अशी होती: शत्रूच्या मागून, फार जवळून नाही, कारण किलोमीटरभराच्या आत अस्त्राला सावरून वळायला जागाच उरत नाही, आणि सोडणारं विमान स्वतः २ जी पेक्षा जास्त वळणात नको (जी म्हणजे वळताना पडणारा जोर, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत). खाली दाट हवेत पल्लाही बराच आखडतो.

आता याच चौकटीत तीन प्रसंग बसवून बघू.

पहिला २४ सप्टेंबर १९५८ चा, तैवानच्या सामुद्रधुनीवर. तैवानच्या सेबर विमानांना अमेरिकेने गुपचूप साइडवाइंडर बसवून दिली होती. चीनची मिग-१७ विमानं सेबरपेक्षा उंच जायची. सेबरच्या मशीनगन तिथवर पोचत नाहीत हे त्यांच्या वैमानिकांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून ते वर निर्धास्त उडत. त्या दिवशी खालून, मागून अस्त्रं आली. नियंत्रित क्षेपणास्त्राने लढाईत विमान पडण्याची ही पहिली वेळ. आता समासात लिहा: उंचावर, मागून, सरळ उडणारं लक्ष्य, बेसावध वैमानिक. हे चायना लेकच झालं की! लढाई असूनही ती चाचणीसारखी होती, म्हणून निकालही चाचणीसारखा आला.

त्याच झटापटींत एक अस्त्र न फुटता एका मिगमध्ये रुतून बसलं आणि विमान तसंच तळावर परतलं. ते सोव्हिएत अभियंत्यांच्या हाती गेलं. त्याची नक्कल म्हणजे के-१३, आणि मिग-२१ बरोबर भारतात आलं ते हेच. माझ्या लहानपणी ओझरच्या धावपट्टीवर जी विमानं पहिली झेप घ्यायची, त्यांच्या पंखाखाली जे अस्त्र लागणार होतं त्याचा उगम एका फसलेल्या फ्यूजमध्ये, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या भागात, होता. फ्यूज चालला असता तर ही नक्कल झाली असती का? मला हे अजूनही थरारून टाकतं.

दुसरा प्रसंग १९६५ चा. ४ सप्टेंबरला आपल्या २८ स्क्वॉड्रनचे विंग कमांडर एम. एस. डी. वॉलन यांनी मिग-२१ मधून पाकिस्तानी सेबरवर दोन के-१३ सोडली. दोन्ही वाया गेली. विमानात तोफ नव्हती, त्यामुळे पुढे सेबर दिसत असूनही हातात काही उरलं नाही. तीन दिवसांनी, ७ सप्टेंबरला सरगोध्यावर पाकिस्तानचे एम. एम. आलम यांनी आपल्या हंटर विमानांवर साइडवाइंडर सोडलं. त्यांच्याच सांगण्यानुसार पहिलं अस्त्र जमिनीकडे गेलं. दोन विरुद्ध बाजू, दोन देशांत बनलेली पण एकाच कुळातली अस्त्रं, आणि फजितीचं कारण सारखंच. खाली, जमिनीलगत, वळणावळणाची लढाई. समासात लिहा: ‘कमी उंची, मागे तापलेली जमीन.’

तिसरा व्हिएतनाम. अमेरिकेचं एफ-४ फँटम हे मोठं, वेगवान विमान. पहिल्या आवृत्त्यांना तोफच दिली नव्हती, कारण क्षेपणास्त्रांच्या काळात तोफ कशाला, असा विचार. समोर छोटं, गर्रकन वळणारं मिग-१७. वैमानिक ४-५ जी च्या वळणात, कानात गुरगुर, समोर शत्रू निसटतोय. तो बटण दाबणारच. अस्त्र २ जी च्या आतल्या वळणातून सोडण्यासाठी बनलेलं. ते सरळ निघून जातं, किंवा ढगाच्या उजेडामागे जातं. अनेक वैमानिकांनी त्याआधी खरं अस्त्र एकदाही सोडलेलं नव्हतं. १९६५ ते ६८ मधला साइडवाइंडरचा हिशेब १५ टक्क्यांच्या आसपास येतो तो इथून.

पण त्याच आकाशात उत्तर व्हिएतनामची मिग-२१ नक्कल केलेलं के-१३ घेऊन उडत होती, आणि त्यांची रीत पाहण्यासारखी होती. जमिनीवरच्या रडारवरून त्यांना वाट दाखवली जायची. बाँबने लादलेल्या, सरळ रांगेत चाललेल्या एफ-१०५ विमानांच्या मागे ती वेगाने यायची, अस्त्र सोडायची आणि थेट घरी. वळणाच्या झटापटीत पडायचंच नाही. म्हणजे त्यांनी लढाईच चाचणीसारखी करून घेतली. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे, आणि तक्त्यांत ती कुठेच नसते.

फाल्कनची गोष्ट सावकाश वाचा

एखादी वस्तू प्रयोगशाळेत उत्तम असून मैदानात कशी हरते, हे बघायचं असेल तर अमेरिकेचंच दुसरं क्षेपणास्त्र, एआयएम-४डी फाल्कन बघा. साइडवाइंडरच्या मानाने त्याचा डोळा सरस होता, कारण तो द्रवरूप नायट्रोजनने थंड केला जायचा. थंड डोळ्याला फिकट उष्णताही दिसते. कागदावर हे पुढचं पाऊल.

आता वैमानिकाच्या जागी बसा. नायट्रोजन अस्त्राच्या आतच, जेमतेम दोन मिनिटांपुरता. डोळा गार करायची क्रिया आधी सुरू करायची, तिला दोन-तीन स्विच. एकदा सुरू केली की थांबवता येत नाही. शत्रू दिसला म्हणून सुरू केली आणि तो ढगात गेला, तर दोन मिनिटांनी अस्त्र निकामी, खाली उतरून पुन्हा भरेपर्यंत नुसतं ओझं. सुरू नाही केली आणि शत्रू अचानक समोर आला, तर डोळा गार होईपर्यंत तो निसटला. मूळ फाल्कन कुटुंब एफ-१०२, एफ-१०६ असल्या विमानांसाठी होतं. तिथे ही तयारी विमानाची यंत्रणा करायची आणि बाँबफेकी विमान कुठून येतंय ते मिनिटं आधी माहीत असायचं. झटापटीत तेवढी मिनिटं कुणाकडे?

त्याहून मोठी अडचण टोकाला होती. साइडवाइंडर शत्रूच्या जवळून गेलं तरी फुटायचं. फाल्कनला तसला फ्यूजच नव्हता, प्रत्यक्ष धडकलं तरच स्फोट. आणि स्फोटक साडेतीन किलोंच्या आसपास. मोठ्या बाँबफेकी विमानाला धडकणं वेगळं, आणि वळणाऱ्या मिगला धडकणं वेगळं. व्हिएतनाममध्ये पन्नासच्या वर फाल्कन सुटली आणि ५ विमानं पडली. अमेरिकन हवाईदलाच्या आठव्या विंगचे प्रमुख कर्नल रॉबिन ओल्ड्स यांनी वैतागून आपल्या विमानांची वायरिंग बदलून घेतली आणि परत साइडवाइंडर लावली.

भाच्याने विचारलं, “मग फाल्कन वाईट होतं?” मी असं म्हणणार नाही. त्याला ज्या कामासाठी घडवलं ते काम कधी आलंच नाही.

भाजक कोणता, ते शोधा

टक्केवारी म्हणजे वरती एक आकडा, खाली एक. खालचा आकडा बहुतेक वेळा सांगितलेलाच नसतो. बटण दाबलं पण अस्त्र सुटलंच नाही, हे मोजलं का? सुटलं पण रॉकेट पेटलं नाही, ते? चौकटीच्या बाहेरून, शत्रूला नुसतं बिचकवायला सोडलेली मोजली का? चाचणीत असल्या गोष्टी ‘चाचणी झालीच नाही’ म्हणून वगळता येतात. लढाईत त्या वगळल्या तर आकडा फुगतो, धरल्या तर खाली येतो. तेव्हा दोन आकड्यांची तुलना करण्याआधी खालचे आकडे एकाच जातीचे आहेत का, ते बघा.

यासाठी वाचायला हवं ते अमेरिकन नौदलाच्या कॅप्टन फ्रँक ऑल्ट यांनी १९६८ मध्ये केलेलं परीक्षण. क्वालिटीत काम करणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी पाहावं असं मला मनापासून वाटतं. जून १९६५ ते सप्टेंबर १९६८ मध्ये जवळजवळ ६०० अस्त्रं सुटली आणि दहामागे एक कामी आलं, हा त्यांचा हिशेब. लक्षात ठेवा, यात उष्णतेवर जाणारी आणि रडारवर जाणारी दोन्ही आहेत. तो आकडा एकट्या साइडवाइंडरच्या रकान्यात टाकायचा नाही.

ऑल्ट यांनी दोष कुणाचा असं विचारलं नाही. त्यांनी पाच ठिकाणी पाच प्रश्न विचारले. कारखान्यातून माल ठरल्याप्रमाणे येतो का? तो जहाजापर्यंत आणि तळापर्यंत नीट पोचतो का? जहाजावर, स्क्वॉड्रनमध्ये विमान आणि अस्त्र तयार स्थितीत उडतात का? वैमानिकाला त्याची ताकद आणि मर्यादा कळते का? दुरुस्तीला गेलेलं अस्त्र परत चांगलं होऊन येतं का?

या पाचांचा हिशेब भाच्याकडून मी कॅल्क्युलेटरवर करून घेतला. समजा प्रत्येक टप्पा दहातल्या नऊ वेळा नीट पार पडतो. ०.९ ला पाच वेळा गुणा: ०.५९. म्हणजे सगळीकडे ‘उत्तम’ असूनही शंभरातली ५९. प्रत्येक टप्पा ०.८ चा धरला तर ३३. आणि ०.६३ चा धरला तर जवळजवळ १०. कुठेही कुणी पूर्ण नापास नाही, तरी शेवटी दहात एक. हे माझं उदाहरण आहे, ऑल्ट यांचे आकडे नव्हेत. पण व्हिएतनामचा १० टक्के कळण्यासाठी ‘क्षेपणास्त्र टाकाऊ होतं’ असं मानायची गरज नाही, हे यातून दिसतं.

तिसऱ्या टप्प्याचं एक उदाहरण सांगते, कारण ते आमच्या कामाच्या जवळचं आहे. विमानवाहू जहाजावर उतरणं म्हणजे दोर पकडून दोन-तीन सेकंदांत थांबणं. न सोडलेलं अस्त्र प्रत्येक वेळी तो हिसका खातं. पुन्हा वर जातं, पुन्हा हिसका. आत काचेच्या ट्यूब. वर खारी, दमट हवा. नौदलाने पुढे एआयएम-९एच मध्ये ट्यूब काढून ट्रान्झिस्टरसारखे घन भाग घातले, त्यामागे हे मोठं कारण होतं. चाचणीत अस्त्र एकदाच वर जातं.

आकडा सुधारला, तर कशाने, ते विचारा

ऑल्ट यांच्या शिफारशीतून ३ मार्च १९६९ ला मिरामारला नौदलाची लढाऊ वैमानिकांची शाळा निघाली, तीच नंतर टॉप गन म्हणून गाजली. १९६८ पर्यंत नौदल एका विमानामागे सुमारे अडीच पाडत होतं, १९७२ मध्ये ते प्रमाण बाराच्या आसपास गेलं. हवाईदलाचं प्रमाण तेवढं हललं नाही. पण हे सगळं श्रेय शाळेला देऊ नका. नौदलाचं साइडवाइंडर एव्हाना बदललं होतं. ९डी आणि ९जी चे डोळे थंड केलेले, आणि थंड करायचा वायू अस्त्रात नाही तर विमानावरच्या पट्टीत, त्यामुळे फाल्कनसारखी दोन मिनिटांची कैद नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कुणाला किती श्रेय हे सांगणं अवघड. रिलेचं डिझाइन आणि सप्लायर एकाच महिन्यात बदलू नका, असं मी मीटिंगमध्ये किती वेळा सांगितलं असेल!

याचंच दुसरं टोक १९८२ चं फॉकलंड. साइडवाइंडरची पुढची आवृत्ती एआयएम-९एल कोणत्याही बाजूने मारा करू शकते म्हणून नावाजलेली. ब्रिटिश हॅरियर विमानांनी तिने मोठी कामगिरी केली. आणि मारे जवळजवळ सगळे मागूनच. समोरून मारायची जी नवी ताकद, ती फारशी वापरलीच गेली नाही. फरक पडला तो जास्त चांगल्या डोळ्याने, चांगल्या फ्यूजने, आणि परतीच्या इंधनाच्या चिंतेत असलेल्या अर्जेंटिनाच्या वैमानिकांमुळे. जाहिरातीतल्या गुणाला श्रेय देण्याआधी तो गुण वापरला गेला का, ते बघा.

वरचा आकडा पेन्सिलीने लिहा

‘पाडलेली विमानं’ हा आकडा पाडणाऱ्याचा की गमावणाऱ्याचा? दोन्ही बाजूंच्या नोंदी क्वचितच जुळतात. सरगोध्याच्या त्या दिवसाचे आलम यांचे पाच दावे भारतीय बाजूने कधी मान्य झाले नाहीत. धूर दिसला, शत्रू ढगात गेला, दावा लिहिला गेला. त्यात खोटेपणा असतोच असं नाही. तीन सेकंदांत माणसाला जेवढं दिसतं तेवढंच तो लिहितो.

आणि विमान पडलं ते कशाने, हेही वेगळं लिहा. १२ डिसेंबर १९७१ ला कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट बी. बी. सोनी यांच्या मिग-२१ ने पाकिस्तानचं स्टारफायटर पाडलं. ‘मिग-२१ चा विजय’ म्हणून तो सगळ्या तक्त्यांत आहे. भाच्याने तो के-१३ च्या रकान्यात टाकला होता. पण ते विमान पडलं तोफेने, पोटाखाली बांधलेल्या २३ मिलिमीटरच्या तोफेने. १९६५ मध्ये जी नव्हती ती. मी खोडरबर पुढे केलं.

आता त्याच्या वहीत ‘अचूकता’ हा रकाना नाही. त्या जागी सहा रकाने आहेत: उंची, कोन, वळण, अंतर, खालचा आकडा, वरचा आकडा. व्हिएतनामची ओळ भरली आहे, तैवानची भरली आहे. १९६५ ची अर्धी आहे. एसएसबीला त्याला हे कुणी विचारेल की नाही कोण जाणे, पण परवा रात्री साडेदहाला त्याचा फोन आला: “मावशी, ९बी चा तो दोन जी चा आकडा सोडणाऱ्या विमानाचा ना, शत्रूच्या नाही?” मी म्हटलं, सोडणाऱ्याचा. पलीकडून पेन्सिलीचा आवाज आला.